हसबनीस सरांचा प्रश्न

"मॅडम, इथेच बसू ना?" हसबनीस सरांनी विचारलं आणि मी घाईघाईने काचेचं दार ओढून घेतलं.

"सर, मॅडम काय म्हणताय! ओळखलंत ना मला?"

त्यांनी गळ्यातलं व्हिजिटरचं कार्ड सरळ केलं, चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"मगदूम! अगं, तू इथे? कागदावर नाव वाचलं, वाटलं, तुझ्या आडनावाचं दुसरं कोणीतरी असेल."

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. पुण्यात खराडीतल्या आमच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर मुलाखतींसाठी काचेच्या खोल्यांची एक रांगच होती. आत बोललेलं बाहेर ऐकू येत नसे, पण दिसायचं सगळं. म्हणून मी वाकून त्यांच्या पाया पडले नाही. तसं मी तेव्हा स्वतःला सांगितलं तरी.

रमाकांत हसबनीस म्हणजे माझे पहिले साहेब. सांगलीत एका बँकेच्या वरच्या मजल्यावर बारा माणसांची कंपनी होती. आम्ही साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. मी इस्लामपूरहून रोज एसटीने यायचे. हातात डिग्री होती आणि डोक्यात अंधार. प्रोग्रॅम म्हणजे काय ते मला या माणसाने शिकवलं. माझं चुकलेलं काम ते कधी स्वतः दुरुस्त करून देत नसत. खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "सांग, तुला काय वाटलं होतं, काय होईल?" अडीच वर्षांनी मी पुण्याला आले, मग या मोठ्या कंपनीत लागले. पगार वाढला, इंग्रजी सुधारलं, सांगलीचे फोन कमी झाले आणि मग बंदच झाले. ते मी बंद केले, हे सांगून टाकते.

त्या दिवशी सर बावन्न वर्षांचे होते. सांगलीची कंपनी मालकाने बंद केल्याला दोन वर्षं झाली होती आणि काम शोधायला ते पुण्यात येऊन राहिले होते.

"सात ठिकाणी फोनवरच वय विचारलं आणि ठेवून दिला," ते हसत म्हणाले. "तुमच्याकडे तेवढं विचारत नाहीत, म्हणून इथवर आलो. चार महिने अभ्यास केलाय, बरं का. रोज सकाळी पाचला उठून. ही म्हणते, बारावीला एवढा केला असतात तर डॉक्टर झाला असतात."

"होईल सर तुमचं."

"झालं पाहिजे. नाहीतर परत सांगलीला जाऊन पोरांच्या शिकवण्या घ्यायच्या. वाईट काही नाही त्यात, पण मला अजून काम करायचंय गं. हात शिवशिवतात."

मग ते जरा पुढे वाकले. "पण मगदूम, ओळखीच्या माणसाने मुलाखत घेतलेली चालते का तुमच्यात?"

चालत नसे. आमच्याकडे मुलाखतींचे नियम एखाद्या सोवळ्यासारखे पाळले जात. चार जण वेगवेगळ्या मुलाखती घ्यायचे. प्रत्येकाने आपलं मत दुसऱ्याचं न बघता लिहायचं: ठामपणे होय, होय, नाही, ठामपणे नाही. प्रश्न देण्याआधी उमेदवाराला विचारायचं, की हा प्रश्न तुम्ही पूर्वी पाहिला आहे का. तो हो म्हणाला तर प्रश्न बदलायचा, आणि तो काय म्हणाला ते लिहून ठेवायचं. आणि दोन दिवस आधी एक फॉर्म यायचा: उमेदवाराशी तुमची ओळख आहे का? आहे म्हटलं की मुलाखत दुसऱ्याकडे जायची, बास. त्यात कमीपणा काही नव्हता.

मी 'नाही' वर खूण केली होती.

का, तर माझ्या जागी ईशान कर्वे आला असता. ईशान सव्वीस वर्षांचा, हुशार, आणि समोरच्याला कात्रीत पकडल्याशिवाय त्याला जेवण जात नाही असं मला वाटायचं. सरांची एक मुलाखत त्याच्याकडे होतीच, दुसरीही गेली तर तो त्यांची चटणी करेल, असा मी हिशेब केला. शिवाय मला त्या काचेच्या खोलीत सरांच्या समोर बसायचं होतं. त्यांनी मला तिथे बसलेलं पाहावं, अशी हौस होती. हे कारण मला फार नंतर कबूल करता आलं.

"काही होत नाही सर," मी म्हणाले. "फक्त ओळख आहे असं कोणाला बोलू नका."

"मग तू बाजूला हो की. दुसरं कोणी घेईल. मला काय, कोणीही चालेल."

"सर, बसा तुम्ही. मी आहे ना."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "बरं बाई. तुझं घर, तुझे नियम."

मी पडद्यावर प्रश्न उघडला. गोदामाबाहेर भाज्यांचे ट्रक उभे आहेत, आत घ्यायला दोनच फाटकं आहेत, कुठला ट्रक किती वेळ उन्हात उभा आहे त्याप्रमाणे माल खराब होत जातो, तर पुढचा ट्रक कुठला बोलवायचा? खाली बारीक अक्षरात, प्रश्न सुचवणाऱ्याचं नाव: शलाका मगदूम.

हा प्रश्न माझा नव्हता. सांगलीत प्रत्येक नव्या पोराला हसबनीस सर पहिल्या दिवशी फळ्यावर हा प्रश्न घालायचे. तेव्हा त्यात भाज्या नव्हत्या, ऊस होता. कारखान्याच्या यार्डात उभ्या असलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर होते, दोन वजनकाटे होते. मी उसाच्या जागी भाज्या घातल्या आणि आमच्या कंपनीच्या प्रश्नांच्या संग्रहात स्वतःच्या नावावर टाकून दिला. त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं. पण मुलाखतीत मी तो सहसा विचारत नसे. माझा नेहमीचा प्रश्न वेगळा होता आणि तो भलताच अवघड होता. चांगले चांगले गडी त्यात आडवे व्हायचे. सर आडवे व्हायला नकोत म्हणून मी हा काढला होता. सरांना त्यांचाच प्रश्न द्यायचा, म्हणजे गुरुदक्षिणा दिल्यासारखं होईल, असं मला वाटत होतं. आदल्या रात्री या युक्तीवर मी स्वतःवरच खूश होऊन झोपले होते.

सरांनी प्रश्न वाचला. खालचं नावही वाचलं असणार. हाताची घडी घालून ते मागे टेकले.

"हाच?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"दुसरा नाही?"

"हाच घ्या ना सर." मी हळूच हसले.

ते हसले नाहीत. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं, मग कीबोर्ड पुढे ओढला आणि एकदाही न थांबता उत्तर लिहून काढलं. पूर्वी पाहिला आहे का, हे मी अर्थातच विचारलं नव्हतं. काय विचारणार? उरलेला वेळ आम्ही इकडचंतिकडचं बोललो. म्हणजे मी बोलले. सरांना काय झालंय ते मला कळलं नाही. परीक्षा संपल्यावर माणूस गप्प होतो तसं असेल, असं मी धरून चालले.

चार वाजता आम्ही मुलाखती घेणारे बसलो. पॅनेलचा लीड परिमल सोहनी होता. लीड म्हणजे ज्याचा शब्द शेवटचा, तो. शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्याची बदली सिंगापूरला होणार होती आणि त्याच्या जागी माझं नाव चाललं होतं. हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि कँटीनमधल्या चहावाल्यालाही ठाऊक असावं.

"चौघांचंही होय आहे," परिमल म्हणाला. "असं आपल्याकडे क्वचितच होतं. ईशान, तुझंसुद्धा?"

"अरे, मस्त माणूस आहे," ईशान म्हणाला. "मी दोनदा अडवायला बघितलं. त्यांनी मलाच शिकवून पाठवलं. आणि शलाकाच्या राउंडमध्ये तर बघ. बारा मिनिटं! त्या प्रश्नाला लोक चाळीस घेतात."

उमेदवार ज्यात उत्तर लिहायचा त्या एडिटरमध्ये प्रत्येक ओळीपुढे वेळ उमटायची. ईशान कौतुकाने बोलत होता. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

परिमल मात्र थबकला. तो ओळी खाली-वर करून पाहू लागला.

"एकदाही खोडलेलं नाही," तो म्हणाला. "शलाका, आधी पाहिलाय का, ते विचारलं होतंस ना?"

'नाही विचारलं, राहिलं' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. फार तर परिमल कपाळाला आठ्या घालून म्हणाला असता, अगं तुझ्याकडून हे कसं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सरांना आणखी एका मुलाखतीला बोलावलं असतं. आज हे मला दोन अधिक दोन इतकं सोपं दिसतं. तेव्हा मला फक्त लीडची खुर्ची दिसत होती.

"विचारलं," मी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

माझ्या डोक्यात असं होतं, की याने सरांचं भलंच होईल. न पाहिलेला प्रश्न बारा मिनिटांत सोडवला म्हणजे काय माणूस असेल!

परिमलने सरांचा बायोडेटा पुढे घेतला. "हे वाच. साखर कारखान्यासाठी वजनकाट्यावर येणाऱ्या गाड्यांचं नियोजन. म्हणजे हाच प्रश्न झाला की. हा यांनी आयुष्यात शंभरदा सोडवला असणार. मग नाही का म्हणाले?" मग सहजच त्याने विचारलं, "सांगली आहे इथे. तूही तिकडचीच ना? ओळखत नाहीस ना त्यांना?"

"छे. सांगली केवढी मोठी आहे," मी म्हणाले.

"हं. तसं नियमात नाही, पण माणूस बावन्न वर्षांचा आहे. असंच फुली मारून कसं पाठवायचं? खालीच बसलेत ते. विचारून टाकू."

त्याने टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकला. रिसेप्शनवरच्या मुलीने सरांना जोडून दिलं. मी टेबलाखाली दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. आता सर म्हणतील, अहो तो प्रश्न माझाच आहे, आणि ती पोरगी माझ्याच हाताखाली शिकली. खरं तेवढंच होतं. ते बोलायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"हसबनीस, परिमल बोलतोय. एक शंका होती. ट्रकचा जो प्रश्न होता, तो तुम्हाला आधीपासून माहीत होता का?"

"हो," सर लगेच म्हणाले. "चांगलाच माहीत होता."

"मग शलाकांनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, ते कसं?"

फोनमध्ये मागे रिसेप्शनवर कोणीतरी हसलं, लिफ्टचा आवाज आला. मी काय केलंय ते सर तिथे खाली सोफ्यावर बसून समजून घेत होते, आणि मी वर बसून त्यांचं समजून होण्याची वाट पाहत होते.

"त्या तसं म्हणाल्या का?" सरांनी विचारलं.

"हो. इथेच बसल्यात त्या."

"मग तसंच असेल," सर म्हणाले. "चुकलं माझं."

"माफ करा, पण विचारावं लागतं. तुमची दोघांची पूर्वीची काही ओळख?"

"नाही. आजच पाहिलं त्यांना."

परिमलने आभार मानून फोन ठेवला. ईशान म्हणाला, "श्या! असं कशाला करायचं? हो म्हणाले असते तर दुसरा प्रश्न मिळाला असता." त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. त्या खोलीत सरांसाठी वाईट वाटून घ्यायचं काम त्याने केलं, ज्याला मी कसाई समजत होते.

परिमलने मला मत बदलायला सांगितलं. मी 'ठामपणे होय' काढलं, 'ठामपणे नाही' केलं आणि कारणापुढे 'अप्रामाणिकपणा' असं लिहिलं. अशी नोंद झाली की त्या माणसाला आमच्या कंपनीचं दार जगातल्या कुठल्याही शहरात उघडत नसे. मी ते जाणून होते. तरी माझा जीव भांड्यात पडला होता. त्याचीच मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

रविवारी सकाळी मी धायरीला सरांच्या घरी गेले. पत्ता बायोडेट्यातून उतरवून घेतला होता, तोही नियमाबाहेरच. दार सरांनीच उघडलं. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. सरांनी आत बोलावलं, स्वतः चहा केला. मी कप हातात धरून रडायला लागले.

"रडू नकोस. चहा पी आधी," सर म्हणाले.

"सर, मी उद्या जाऊन सगळं खरं सांगते."

"सांगावंसं वाटलं तर सांग. पण मला मध्ये घालू नकोस. माझ्यासाठी सांगते आहेस असं म्हणू नकोस."

"तुम्ही का नाही सांगितलंत सर? फोनवर?"

"काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर तू गेली असतीस आणि मीही गेलोच असतो. ओळख लपवून मुलाखत दिली होती ना मी. तिथे बसलो तेव्हाच उठायला हवं होतं. तुला म्हटलंही, बाजूला हो. मग गप्प बसलो, कारण मलाही नोकरी हवी होती. तेवढी चूक माझीच."

ते इतक्या समजुतीने बोलत होते, की मला बरं वाटू लागलं. सरांनी माफ केलं, असं मी धरलंच. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "मला फक्त तुम्हाला मदत करायची होती, सर."

सरांनी कप खाली ठेवला.

"तू घाबरून खोटं बोललीस, ते मी समजू शकतो," ते म्हणाले. "माणूस घाबरतो. पण तो प्रश्न मला का दिलास?"

"सोपा जावा म्हणून..."

"मी मागितला होता का सोपा?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "चार महिने पाचला उठत होतो मी. त्या पोराने, त्या ईशानने, मला आडवंतिडवं विचारलं, मी सगळं सांगितलं. बाकीच्या दोघांनी विचारलं, तेही सांगितलं. त्यांना कोणाला माझी कीव आली नाही. तुलाच आली. म्हातारा अडखळेल असं तुला वाटलं, हो ना? ज्याने तुला शिकवलं त्याला काही येत असेल, असं तुलाच वाटलं नाही."

मला तसंच वाटलं होतं.

"बाकीच्यांना काय विचारतेस तू?"

"सर, जाऊ दे ना."

"काय विचारतेस?"

मी सांगितलं. शहरातल्या पाण्याच्या पाइपांचा नकाशा दिला आहे. त्यातला कुठला एकच पाइप फुटला तर एखादी वस्ती पाण्यावाचून राहील, ते शोधून काढायचं. शहर मोठं आहे, त्यामुळे एकेक पाइप फोडून बघत बसायला वेळ नाही.

सरांनी आतून मुलीची जुनी वही आणली आणि जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसले. मी समोर. सुरुवातीला त्यांनी एक आकृती काढली, खोडली, दुसरी काढली. मध्येच काकू आल्या, मला पाहून "अगंबाई, कोण?" म्हणाल्या. सर मान वर न करता म्हणाले, "ऑफिसातली आहे. बोलू नकोस जरा." काकू पिशवी घेऊन आत गेल्या.

मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

मी वाचू लागले. दोनशेहून जास्त लोकांना मी हा प्रश्न घातला होता. लोक नेमके कुठे घसरतात ते मला पाठ होतं. सवयीने मी तिथे तिथे बोट ठेवत गेले. एका ठिकाणी मला वाटलं, सापडली चूक. आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मी ती ओळ पुन्हा वाचली. चूक नव्हती. दोन वस्त्यांमध्ये दोन पाइप असतील तर काय, हा विचार त्यांनी केला होता. तो मला स्वतःला पहिल्या वेळी सुचला नव्हता.

"सांग," सर म्हणाले.

"बरोबर आहे, सर."

"किती वेळ लागला?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अठ्ठावीस मिनिटं."

"देता किती?"

"पंचेचाळीस."

त्यांनी मान हलवली, वहीतलं ते पान नीट फाडलं, घडी घालून शर्टच्या खिशात ठेवलं आणि उठून माझ्यासाठी दार उघडलं.

पुढच्या महिन्यात परिमल सिंगापूरला गेला आणि मी लीड झाले. मी कोणालाच काही सांगितलं नाही. सर त्या दिवाळीआधीच सांगलीला परतले, एवढं कानावर आलं. दरवर्षी नव्या लोकांना मुलाखती घ्यायला मी शिकवते. पहिल्या तासाला कोणीतरी हटकून विचारतंच, की मॅडम, उमेदवाराबद्दल आपल्याला आपुलकी वाटली तर काय करायचं? मी त्यांना सांगते, अवघडातला अवघड प्रश्न द्यायचा. ते हसतात. त्यांना वाटतं, मी फार कडक आहे.